माझूआई, पासवर्ड आणि सासूबाईंची दोनशे चौदा घरं

…आणि वर आमचे हे मलाच विचारतात, "पासवर्ड देवीला कशाला सांगितलास?" आता तुम्हीच सांगा, बाकी सगळं सांगतो की नाही आपण देवीला? नाव सांगतो, जन्मतिथी सांगतो, गल्ली सांगतो, घर नंबर सांगतो, कितवा मजला तेसुद्धा सांगतो, कारण पत्ता अर्धवट सांगितला आणि देवीची कृपा चुकून शेजारच्यांच्या जिन्याने वर गेली तर ती परत मागायला कुठे जाणार? मग आमच्या खात्याची राखण जर तिनेच करायची, तर तिला खात्याचं नाव नको ठाऊक? पासवर्ड नको ठाऊक? देवीला नाही सांगायचं, तर कुणाला सांगायचं?

पण थांबा, मी मधूनच सुरू केलं. फान सर तिकडून हाताने खुणा करताहेत की आधी नाव सांगा. मी बी-युन. फूशिंग गल्लीतल्या च्वांग शेवयावाल्यांची सून. आणि हे फान सर, व्यापारी मंडळाकडून छोट्या धंद्यांना संगणकाचा सल्ला द्यायला येतात, तुमच्यापैकी निम्म्यांकडे येऊन चहा पिऊन गेले असतील. त्यांनीच मला इथे उभं केलंय. "वहिनी, मंडळींना तुमच्याकडे काय काय झालं ते सांगा, उपयोग होईल." मी म्हटलं, सर, मी घरातली बाई, सकाळी माझूआई देवीपुढे धूप लावायचा, प्रतिपदा-पौर्णिमेला कांदा-लसूण वर्ज्य, दुपारी बांबूंवर वाळलेल्या शेवया उतरवायच्या आणि जुड्या बांधायच्या, मला संगणकातलं काय कळतं? तर म्हणाले, "म्हणूनच." आता "म्हणूनच" म्हणजे काय, ते काही त्यांनी अजून सांगितलेलं नाही. पण माणूस भला आहे. भल्या माणसाने बोलावलं की जावं.

तर तुम्हाला सांगते, आमच्या कारखान्यात कणीक तिंबायचं यंत्र एक, माणसं सहा, आणि सासूबाई. सासूबाई माणसांत धरायच्या नाहीत, कारण त्या म्हणजेच कारखाना. चाळीस वर्षं फोन त्यांनीच उचललेला. "हां, घाटावरचे यान ना? बारीक. बरं." ठेवला फोन. झाली ऑर्डर. कागद नाही, पेन नाही, वही नाही. कोण बारीक नेतो, कोण जाड, कुणाला मीठ कमी, कुणाची मुलगी बाळंतपणाला आलीय म्हणून शेवया दुप्पट, कुणाकडे साठी आहे म्हणून, आयुष्य वाढावं अशा लांबलचक, न तुटलेल्या, वर लाल कागद बांधून… सगळं डोक्यात. समोरच्याने नाव सांगायचीही गरज नाही, नुसता खोकला तरी ओळखायच्या. "ताउ काका, खोकल्याचं आधी बघा, शेवया पाठवते."

आणि मग गेल्या हिवाळ्यात… हे जरा हळू सांगते. सासूबाईंनी ह्यांना सांगितलं, मीठबाजारात सूंच्या घरी साठीच्या शेवया देऊन ये. ह्यांनी स्वतः जुडी निवडली, लाल कागद बांधला, स्कूटरवर पुढे धरून नेली, एक काडी मोडू दिली नाही. दाराशी पोचले तर दाराला पांढरा कागद. ज्यांची साठी, ते जाऊन अकरा दिवस झालेले.

हे तिथेच उभे. पुढे जाता येईना, मागे फिरता येईना. तेवढ्यात सू वहिनी बाहेर आल्या. त्यांनी जुडीकडे पाहिलं, लाल कागदाकडे पाहिलं आणि दोन्ही हात पुढे करून घेतली हो ती. म्हणाल्या, "त्यांना आवडायच्या." एवढंच. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं, हे म्हणतात, शिव्या ऐकून माणूस घरी तरी येतो.

आणि खरं दुःख पुढेच आहे. सू वहिनींनी अकरा दिवसांपूर्वी फोन करून कळवलं होतं. सासूबाईंनीच उचलला होता. रडल्या होत्या फोनवर, मी एप्रनाने हात पुसता पुसता पाहिलं होतं, मला वाटलं त्यांच्या माहेरचं कुणी असेल. रडल्या, डोळे पुसले, आणि आठवड्याभरात ते सगळं कुठल्या कुठे गेलं.

डॉक्टर म्हणाले, हळूहळू होत जाईल. काही दिवस लख्ख ऊन, काही दिवस धुकं. मी त्याच संध्याकाळी देवळात गेले आणि नवस बोलले, तीन वर्षं सकाळचं जेवण शाकाहारी. काय मागितलं? सासूबाईंची आठवण परत दे, एवढं मोठं मागायची मला हिंमत झाली नाही हो. मी म्हटलं, माझूआई, त्यांच्या हातून पुन्हा असं होऊ देऊ नकोस, चाळीस वर्षं ज्या दारांनी त्यांना "या, बसा" म्हटलं त्या दारांत त्यांची मान खाली जाऊ देऊ नकोस. देवीला नाही सांगायचं, तर कुणाला सांगायचं?

आता पुरुषमाणसाचं कसं असतं, घाबरला की काहीतरी विकत घ्यायला निघतो. ह्यांच्या मेव्हण्याने, म्हणजे माझ्याच भावाने, सांगितलं की भाऊजी, संगणकाचा मोठा पडदा घ्या, आत सगळी व्यवस्था येते, बोटाने दाबायचं की ऑर्डर कारखान्यात छापून येते, माझ्या मित्राने घेतलाय. मी विचारलं, तुझा मित्र काय विकतो? तर म्हणे मोटारीचे सुटे भाग. मी म्हटलं, त्याच्या गिऱ्हाइकांच्या मुली बाळंतपणाला येतात का रे तिथे? पण ह्यांनी माहितीपत्रक आणलंच. त्यावरची बाई इतकी हसत होती, इतकी हसत होती, की धंदा केलेली बाई नव्हे हे लांबूनसुद्धा कळत होतं.

नशीब की ह्यांनी सही करण्याआधी फान सर आले. चहा घेतला, माहितीपत्रक उलटं करून ठेवलं आणि म्हणाले, "च्वांग साहेब, आत्ता काहीही विकत घेऊ नका. एकच सांगा, तुमच्या धंद्यात अशी कोणती गोष्ट आहे, जी फक्त एकाच माणसाला ठाऊक आहे?"

आम्ही दोघांनी एकदम सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाई शेंगदाणे सोलत होत्या. त्या म्हणाल्या, "काय बघताय? सर, तुम्ही शेवया खाल्ल्यात का?"

हा प्रश्न तुम्ही घरी जाऊन स्वतःला विचारा बरं का. मला संगणकातलं बाकी काही सांगता येत नाही, पण हे सांगते. सगळ्यात आधी ते एकट्याच्या डोक्यातलं बाहेर काढा. फान सर म्हणाले, साधी यादी पुरे, फुकटात होते, इंटरनेटवर ठेवायची, म्हणजे कारखान्यातल्याला कारखान्यात दिसते, स्कूटरवरच्याला स्कूटरवर दिसते. रकाने चार. नाव, पत्ता, काय लागतं, आणि चौथा "विशेष सूचना". मोठा पडदा घ्यायचा की नाही ते वर्षाने बघू. ह्यांचा चेहरा जरा उतरला. हसणारी बाई गेली ना हातची.

झालं, बसलो यादी करायला. फान सरांनी माणसांची आडनावं कोशातल्यासारखी ओळीने लावून आणली होती, पहिलं आडनाव, दुसरं आडनाव. मी सासूबाईंपुढे बसले. "आई, तिंग आडनावाचे आपले कोण कोण?" सासूबाई म्हणाल्या, "तुझं जेवण झालं का?" मी म्हटलं, झालं. "मग मला वाढ." दुसऱ्या दिवशी पुन्हा. "आई, तिंग…" "त्या तिंगचं काय घेऊन बसलीस, बांबू आत घे, आभाळ आलंय." आभाळ निळंशार. आठवड्याभरात अकरा नावं मिळाली, आणि त्या अकरांतली आठ त्यांच्या सख्ख्या भावंडांची, जी शेवया नेतात पण ऑर्डर आजवर कधी दिलेली नाही.

मला वाटलं विसरल्या. तर एक दिवस दुपारी, त्या लख्ख दिवसांपैकी एका दिवशी, जुड्या बांधता बांधता त्या आपणच म्हणाल्या, "बी-युन, मला कळतं हो तू काय करतेस ते. सगळं त्या पेटीत भरलंत की मग फोन माझ्याकडे कशाला ठेवाल? मी काय करू मग? शेंगदाणे सोलू?"

फान सरांच्या सल्ल्यात याला रकाना नव्हता. मी जुडी बांधली, दुसरी घेतली, ती बांधली.

त्याच आठवड्यात पासवर्डचं रामायण… म्हणजे तुम्हाला कळलं असेलच, मीठबाजारापर्यंत पोचलंय ते. फान सरांनी विचारलं, यादीचा पासवर्ड काय ठेवलात? हे अभिमानाने म्हणाले, आपल्या दुकानाचा फोन नंबर. फान सर उठून बाहेर गेले, पाटीकडे पाहिलं, आत आले. "च्वांग साहेब, तुमचा पासवर्ड पाटीवर लिहिलाय. रात्री दिवाही लागतो त्यावर." मग त्यांनी शिकवलं, चार शब्द घ्यायचे, एकमेकांशी काही संबंध नसलेले, पण डोळ्यांपुढे चित्र उभं राहील असे. वाढदिवस नको, नातवंडाचं नाव नको, दुकानाचं नाव नको. मी घेतले. छत्री, खेकडा, जिना, दही. खेकडा छत्री घेऊन जिना चढतोय आणि वर दही ठेवलंय, जन्मात विसरणार नाही. आता सांगायला हरकत नाही, बदललाय तो.

फान सरांनी बजावलं, "हा कुणालाही सांगायचा नाही. अगदी कुणालाही." मी म्हटलं, कुणालाही म्हणजे माणसांना ना?

दुसऱ्या दिवशी प्रतिपदा. देऊळ भरलेलं. मी धूप लावला, गुडघे टेकले आणि आपल्या रीतीने स्वच्छ, ठणठणीत आवाजात सांगितलं, कारण ढोल वाजत होता आणि देवीला ऐकू तर जायला हवं. मी च्वांग घरची सून बी-युन, अमुक तिथीची, फूशिंग गल्ली, अमुक नंबर, तळमजला, आमचं एक खातं आहे, त्याचं नाव हे, त्याचा पासवर्ड छत्री-खेकडा-जिना-दही, सगळं जोडून, मध्ये अंतर न सोडता, चोरांपासून सांभाळ. आणि नेमकं "खातं"पाशी ढोल थांबला.

मागे धूपवाले वेन काका होते. शेजारी शिंपल्यांचं धिरडं विकणारी वहिनी होती, तिचं आडनाव तू. त्यांच्या मागे… जाऊ दे, सगळेच होते.

चोर नाही आला हो कुणी. ते खरं सांगते, आपल्या गावात चोरी कुणी केली नाही. पण दुसऱ्या दिवशी यादी उघडली तर अकराची तेवीस नावं झालेली. तू वहिनीने स्वतःच स्वतःला भरलेलं, आणि विशेष सूचनेत, "बारीक म्हटलं की बारीकच. मागच्या खेपेला जाड होत्या, मी बोलले नाही." वेन काकांनी लिहिलं होतं, "माझ्या घराची घंटा बंद आहे, हाक मारा, पण दुपारी नको." आणि कुणीतरी एकाने, नाव न घालता, सगळ्यात खाली लिहिलेलं, "छान उपक्रम."

ह्यांनी डोक्याला हात लावला. "ही यादी आहे की देवळाच्या भिंतीवरचा फळा?" मी म्हटलं, अहो, बारा नावं आपोआप आली, देवीने काम सुरू केलं. हे म्हणाले, "देवीला सांगायची काय गरज होती?" मी म्हटलं, देवीला नाही सांगायचं, तर कुणाला सांगायचं?

फान सर मात्र हसले नाहीत. रागावलेही नाहीत, पण मला खुर्चीत बसवून समजावलं. "वहिनी, आज शेजारी शिरले. उद्या कुणी परका शिरला तर त्याला काय काय कळेल? कुणाच्या घरी म्हातारं माणूस एकटं असतं, कुणाकडे घंटा बंद आहे, कुणाची लेक बाळंतीण आहे. हे तुमचं गुपित नाही, लोकांनी विश्वासाने तुमच्याकडे ठेवलेलं आहे." हे मला कुणी आधी असं सांगितलंच नव्हतं. मला वाटत होतं पासवर्ड म्हणजे आपल्या दाराचं कुलूप. ते तर दोनशे दारांचं कुलूप होतं. मग त्यांनी दुसरं कुलूपही घातलं, पासवर्ड टाकला की ह्यांच्या फोनवर सहा आकडे येतात, ते टाकल्याशिवाय उघडत नाही. ते आकडे फोनवर कुणीही, अगदी बँकेतून बोलतोय म्हणून विचारले तरी द्यायचे नाहीत. घालून घ्या तुम्हीही. पाच मिनिटं लागतात, आमच्या ह्यांना पाऊण तास लागला.

पौर्णिमेला मी देवीची क्षमा मागायला गेले. सासूबाईंनाही घेऊन गेले. या खेपेला मी मनातल्या मनात सांगितलं, नवा पासवर्ड वगळून. तुझ्यापासून लपवत नाही, आई, पण तुझ्या शेजारी फार लोक असतात. आणि तेवढं सांगून झालं, डोळे मिटून बसले होते, तर बाजूला सासूबाईंची पुटपूट कानावर आली.

आता तीस वर्षं मी त्यांच्या शेजारी गुडघे टेकतेय. तीस वर्षांत कधी ऐकलं नव्हतं, कारण मी माझंच सांगण्यात गुंग. त्या दिवशी ऐकलं. "फूशिंग गल्लीचं तोंड. लोहारांचं घर, जाड शेवया, सुनेला दिवस गेलेत, सांभाळ. पुढे ताउ, बारीक, खोकला आहे, सांभाळ. वळणावर पानांचं घर, मीठ कमी, आजोबांचा रक्तदाब, सांभाळ. पूल ओलांडून यान, बारीक, थोरला मुलगा बोटीवर गेलाय, सांभाळ…"

एक घर चुकत नव्हतं. गल्ली, वळण, पूल, घाट… तरुणपणी सायकलवर टोपली बांधून ज्या वाटेने जायच्या, त्याच वाटेने निघाल्या होत्या. आम्ही वेडे, त्यांना आडनावांच्या ओळी विचारत बसलो होतो. ती माणसं त्यांच्या डोक्यात आडनावांनी नव्हतीच ठेवलेली, वाटेने ठेवलेली होती. आणि मीठबाजाराशी आल्या तेव्हा त्यांचा आवाज बदलला. "सू. ते गेले. तिला झोप लागू दे."

आठवत होतं. देवीपुढे आठवत होतं.

हात शिवशिवत होता, पर्समध्ये पेन्सिल होती. पण दुसऱ्याची प्रार्थना चोरून लिहायची म्हणजे काय? सासूबाई उठून धूप टाकायला गेल्या तेवढ्यात मी कौल लावला. त्या दोन लाकडी चंद्रकोरी हातात घेतल्या आणि विचारलं, "आई, गुपचूप लिहून घेऊ का?" टाकल्या. दोन्हींची सपाट बाजू वर. हसली देवी, उत्तर दिलं नाही. पुन्हा विचारलं. पुन्हा हसली. तिसऱ्यांदा टाकल्या तर दोन्ही पालथ्या. नाही म्हणजे नाही. मग मी म्हटलं, बरं, प्रश्न बदलते. "सासूबाईंना सांगून लिहू का?" एक उताणी, एक पालथी. हो. पुन्हा हो. तिसऱ्यांदाही हो.

सांगितलं मग सासूबाईंना. देवळाच्या पायरीवर, बूट घालता घालता. म्हटलं, आई, मी ऐकलं. ऐकायला नको होतं, पण ऐकलं. आणि मला ते लिहून घ्यायचंय. त्यांनी एक बूट घातला. दुसरा हातात धरून बसल्या. मग म्हणाल्या, "देवीने काय सांगितलं?"

"तीनदा हो."

"मग मला कशाला विचारतेस?" आणि बूट घालून झाल्यावर म्हणाल्या, "पण हे बघ, तुला मी काही सांगणार नाही. मी देवीला सांगणार. तू शेजारी बसलीस तर बस. आणि फोन माझ्याकडेच राहील. खोकला ऐकून माणूस ओळखता येतो का तुझ्या पेटीला?"

मी फान सरांना विचारलं. ते म्हणाले, "नाही येत. फोन त्यांच्याकडेच ठेवा. फक्त बोलणं झालं की एकाने यादीत बघायचं आणि त्यांना मोठ्याने वाचून दाखवायचं. त्या हो म्हणाल्या की माल निघेल." बघा, इतकं सोपं होतं. आम्हाला वाटत होतं यादी आली की सासूबाई गेल्या. यादी सासूबाईंच्या हाताखाली कामाला ठेवायची, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

मग प्रतिपदा, पौर्णिमा, प्रतिपदा, पौर्णिमा. फान सरांनी सुचवलं होतं की फोन जवळ ठेवा, तो ऐकून आपोआप लिहितो. ठेवला. त्याने ढोल लिहिला. दोन पानं नुसतं "हो हो हो हो". मग पेन्सिल काढली. मला वाटलं फान सर नाराज होतील, तर म्हणाले, "पेन्सिल चालते की वहिनी. जे चालतं ते बदलायचं नाही, हाही सल्लाच आहे." सासूबाई सांगत, मी लिही, संध्याकाळी कारखान्यातली पोरगी यादीत उतरवी, आडनावांनी नव्हे, वाटेने. गल्लीचं तोंड, वळण, पूल, घाट. आमची डिलिव्हरी तर पाऊण तास लवकर संपायला लागली. ह्यांना वाटतं संगणकामुळे. वाटू दे.

मध्ये धुक्याचे दिवसही आले. एका प्रतिपदेला त्या पुलापाशी थांबल्या. पुढे काही येईना. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पुढे कोण गं?" मी वहीत पाहिलं आणि हळूच म्हटलं, "यान. बारीक." "हां, यान," त्या म्हणाल्या, "बोटीवरचा मुलगा," आणि निघाल्या पुढे. त्या दिवशी मला कळलं माझा नवस कशासाठी होता. आठवण परत मिळाली नाही. पण वाट दोघींची झाली.

माझूआईच्या जन्मदिवसाला शेवटची गल्ली झाली. दोनशे तेरा घरं. मला वाटलं संपलं, वही मिटायला लागले. सासूबाई म्हणाल्या, "थांब, घरी कुठे पोचलो अजून?" आणि देवीकडे तोंड करून, त्याच आवाजात, जसं ताउंचं सांगितलं, जसं यानांचं सांगितलं तसं, "फूशिंग गल्ली, च्वांग. मुलगा, जाड शेवया, मनाने घाबरट, सांभाळ. सून, बी-युन, कशाही शेवया खाते, उरलेल्या तुकड्यांच्याही, स्वतःसाठी कधी जुडी सोडत नाही. पुष्कळ बोलते. पण ऐकून घे."

मला पुढचं अक्षर दिसेना. नाकाचं पाणी पुसत पुसत लिहिलं, जसं सांगितलं तसं, कारण प्रार्थनेत आपण काय काटछाट करायची? संध्याकाळी पोरीने दोनशे चौदावं घर म्हणून ते यादीत चढवलं. चौथा रकाना, विशेष सूचना: "पुष्कळ बोलते. पण ऐकून घे."

मी म्हटलं, फान सर, एवढं खासगीतलं तेवढं काढता येईल का? तर त्यांनी त्याच दिवशी ह्यांना शेवटचा सल्ला दिला होता, की यादीच्या तीन प्रती हव्यात, एक इंटरनेटवर, एक कारखान्यात, एक घराबाहेर दुसऱ्याच्या कपाटात, आणि ह्यांनी आयुष्यात पहिल्यांदा कुणाचं लगेच ऐकलं होतं. एक प्रत तर वेन काकांच्या धुपाच्या कपाटात पोचलीसुद्धा. आता शेवया बांधायला बसले आणि मी तोंड उघडलं, की कारखान्यातली सहाच्या सहा माणसं हातातली जुडी खाली ठेवतात, मांडी घालतात आणि म्हणतात, "बोला वहिनी, सूचना आहे."